वाचकांचे प्रश्न : एकाच हाताचे अनेक छंद

प्रश्न : माझे वय ५९. गेल्या वर्षी बँकेतून निवृत्त झाले आणि नोकरीच्या काळात राहून गेलेल्या हस्तकलांना मनापासून सुरुवात केली. क्रोशाचे विणकाम आईकडून शिकले होतेच. त्यात आता भरतकाम, बांबूच्या टोपल्या, वह्यांची बांधणी आणि अलीकडे मातीकाम यांची भर पडली आहे. प्रत्येकात सारखाच आनंद मिळतो. परंतु घरात दोन रुमाल अर्धे भरलेले, एक टेबलक्लॉथ निम्म्यावर आलेला आणि तीन टोपल्या कडेविना पडलेल्या आहेत. परवा माझ्या जाऊबाई म्हणाल्या, "एक ना धड, भाराभर चिंध्या." त्या प्रेमळ आहेत, तरी ते बोलणे मनाला लागले. मी एकच कला निवडून तिच्यात प्रावीण्य मिळवावे का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : आपण यांपैकी एकही कला एवढ्यात सोडू नये, असे मी अगदी मनापासून सांगेन.

ही म्हण पोटापाण्याच्या धंद्याला लागू पडते, हे मान्य. कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारकाम करणारा कारागीर भांड्यावर ठोक्याला ठोका लावत जातो, तेव्हा दोन ठोक्यांमधले अंतर त्याचा हातच मोजत असतो. ठोक्यांनी तांबे कठीण होत जाते आणि मधूनमधून तापवून ते पुन्हा मऊ करावे लागते. ती वेळ नेमकी ओळखता यावी म्हणून माणसाला वर्षानुवर्षे एकाच कामापाशी बसावे लागते. त्याचे घर त्या हातोडीवर चालते. आपले घर क्रोशाच्या सुईवर चालत नाही, त्यामुळे धंद्याचे माप छंदाला लावण्याचे कारण नाही.

शिवाय हे पाच छंद पाच दिशांना जातात, असे वरवर वाटते तेवढेच. मी स्वतः शिवणापासून सुरुवात केली. उभ्या धाग्यावर कापड ताणत नाही, आडव्यावर थोडे सैलावते आणि तिरपे ओढले की चांगलेच लांबते, हे मी शिवणाच्या वर्गात नुसते पाठ केले होते. कित्येक वर्षांनी वही बांधायला शिकताना पुठ्ठ्यावर चिकटवलेला माझा कागद वाळल्यावर पुठ्ठ्यासकट वाकला. शिकवणाऱ्या बाईंनी तसाच एक कोरा कागद माझ्या हातात दिला आणि तो घडी न घालता आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने नुसता दाबून पाहायला सांगितला. एका बाजूने तो सहज वळला, दुसऱ्या बाजूने अडून बसला. यंत्रावर कागद तयार होताना त्यातले बहुतेक तंतू एकाच दिशेने बसतात आणि ओल लागली की कागद त्या दिशेला आडवा फुगतो, म्हणून पुस्तकाच्या पाठीला समांतर अशीच ती दिशा ठेवायची असते. बाई हे सांगत असताना मला शिवणाच्या वर्गातला उभा धागा आठवला आणि तो मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने समजला. पुढे बांबू चिरताना कोयता कुठे आपोआप धावेल, हे मला कोणी शिकवावे लागले नाही. हे ज्ञान तीन कलांमध्ये विखुरलेले होते आणि त्यातली एकच धरून बसले असते, तर ते माझ्या हाताला कधी लागले नसते.

शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे. यंत्राच्या कागदाची ही गोष्ट कळल्यावर हातकागदाचा ताव मी मुद्दाम तसाच दाबून पाहिला, तर तो दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच वळला, कारण लगदा चौकटीवर उचलून हलवताना तंतू सर्व दिशांना पसरतात. तो लगदा कशाचा करतात, हे जाऊबाईंना जरूर सांगा. सुती चिंध्यांचा.

हस्तकलांमध्ये थांबण्याचा वेळ फार असतो. चिकटवलेली वही रात्रभर वजनाखाली ठेवावी लागते. मातीचे भांडे भट्टीत जाण्यापूर्वी सावलीत सावकाश वाळावे लागते आणि घाई केली तर तडकते. बांबूच्या पट्ट्या विणण्याआधी भिजत घालाव्या लागतात. ज्याच्याकडे एकच कला आहे तो या वेळात चुळबुळ करतो आणि काम बिघडवतो. आपण त्या वेळात रुमाल हाती घेऊ शकता. सकाळच्या उजेडात भरतकाम, दुपारी माती आणि संध्याकाळी गप्पांमध्ये क्रोशा असा दिवस ज्याने अनुभवला आहे, त्याला या सुखाची जात ठाऊक असते. आपल्याकडच्या रुखवतातही एकाच मुलीच्या हातचे क्रोशाचे तोरण, मण्यांची महिरप आणि भरलेल्या उशा शेजारीशेजारी मांडल्या जात, आणि पाहणाऱ्या बायका तिचे कौतुकच करत.

अर्धवट कामांच्या बाबतीत मात्र जाऊबाईंचे थोडे ऐकावे. टेबलक्लॉथला फक्त वेळ हवा आहे, त्याची चिंता नको. तीन टोपल्या तिन्ही कडेपाशीच अडल्या आहेत, याचा अर्थ कंटाळा आला असा नसून कड बांधणे जमलेले नाही, असा असावा. बुरूड आळीत जाऊन एक सूप किंवा परडी विकत घ्यावी आणि कड कशी बांधतात ते दाखवण्याची विनंती करावी. वर उरलेल्या पट्ट्या कोणत्या क्रमाने आत वळवतात, हे डोळ्यांनी एकदा पाहिले की पुष्कळ उलगडते. तोवर चौथी टोपली सुरू करू नये.

प्रश्न : माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. दिवाळीत किल्ला आणि आकाशकंदील केला, मग ओरिगामी, आता त्याला लाकूडकाम हवे आहे. दर वेळी नवा संच विकत घ्यावा लागतो. त्याला आवर घालावा का? (एक पालक, सिंहगड रस्ता)

उत्तर : आवर संचांना घालावा, मुलाला नव्हे. तयार संचात सर्व तुकडे आधीच कापलेले असतात, त्यामुळे मुलाला फक्त जोडणी करता येते आणि चुकण्याची संधी मिळत नाही. त्याऐवजी रविवारी किंवा बुधवारी त्याला जुन्या बाजारात न्यावे, एक लहान करवत आणि पकड घेऊन द्यावी, आणि फळकुटे एखाद्या सुताराकडे मागावीत. करवत मात्र धारदार असू द्यावी. बोथट हत्याराला जास्त जोर लागतो, ते सटकते आणि इजा त्यानेच होते. पहिले काही दिवस आपण शेजारी बसावे.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी सुरू केलेला स्वेटर पुन्हा हाती घेतला, पण त्याच क्रमांकाची नवी लोकर किंचित गडद निघाली. एक बाही अजून बाकी आहे. (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : रंगाचा क्रमांक तोच असला तरी रंगाईचा लॉट बदलला की छटा बदलते, म्हणून लोकर नेहमी एका लॉटची आणि एखादा गुंडा जास्तच घ्यावी. आता झालेली बाही उसवावी. ती लोकर सैल लडीत गुंडाळून कोमट पाण्यात भिजवावी आणि टांगून वाळवावी, म्हणजे तिच्यातले वळसे जातील. मग दोन्ही बाह्या एकाच वेळी सुरू करून दोन ओळी जुन्या लोकरीच्या, दोन नव्या लोकरीच्या अशा विणाव्यात. छटा एकमेकींत मिसळतील आणि दोन्ही बाह्या सारख्या दिसतील. खांद्याच्या शिवणीपाशी थोडा फरक राहील, तो दिवसाउजेडी निरखून पाहणाऱ्यालाच कळेल.