शिंकलं की लघवी सुटते, हे वयामुळेच होतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : सासूबाई ५४ वर्षांच्या, चार बाळंतपणं झालेल्या. शिंकल्या-खोकल्या की लुगडं ओलं होतं, पण त्या म्हणतात वय झालं, चालायचंच. तुमचं दुसरं बाळ पाच महिन्यांचं आहे आणि हसताना तुम्हालाही थेंबभर होतं. हे घराण्यातून आलंय का, आणि पुढं तुमचंही असंच होणार का?

आधी एक गंमत सांगते. सासूचं सुनेकडं येत नाही हो! रक्ताचं नातं लागतं. आईला किंवा सख्ख्या बहिणीला असेल तर आपल्याला होण्याची शक्यता थोडी वाढते, तेव्हा माहेरी फोन करून आईला विचारा. बहुतेक तीही सांगणार नाही म्हणा.

मी तासगाव तालुक्यात २६ वर्षं नर्स होते. आणि मलाही हा त्रास होता. दर वर्षी एप्रिलमध्ये वर्षाची चटणी करायला आम्ही कांडप गिरणीत जायचो. आत पाऊल टाकलं की ठसका आणि शिंका. एका वर्षी माझं लक्ष गेलं : रांगेतल्या पाच-सहा बायका शिंक येतेय वाटलं की पाय एकात एक अडकवून उभ्या राहत होत्या. मीही तशीच उभी होते. एकमेकींकडं बघितलं, कुणी काही बोललं नाही. दवाखान्यात दुसऱ्यांना धडे देणारी मी, पण स्वतः चार वर्षं ड्युटी केली ती जुन्या सुती कपड्याच्या घड्या लावून.

आता मूळ मुद्दा. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भपिशवी, गुदाशय तिच्यावर टेकलेले असतात. झोळी सैल पडली की वरून दाब आल्यावर लघवीचं तोंड घट्ट मिटत नाही. शिंक, खोकला, हसू, हंडा उचलणं, तेव्हा सुटते ती ही. दुसरा प्रकार घाईचा : एकदम कळ येते आणि मोरीत पोचायच्या आत सुटते. तिथं मूत्राशयच नको तेव्हा आवळतं. पुष्कळ बायकांना दोन्ही असतं. सासूबाईंना यातलं नेमकं कोणतं, ते विचारून घ्या, कारण उपाय वेगळे आहेत.

झोळी सैल पडण्यात बाळंतपणाचा वाटा मोठा. नॉर्वेत १५ हजारांहून जास्त बायकांची पाहणी झाली होती, २००३ साली ती प्रसिद्ध झाली. मूल न झालेल्यांत साधारण १० टक्के, फक्त सिझर झालेल्यांत १६ टक्के आणि खालून बाळंत झालेल्यांत २१ टक्के बायकांना हा त्रास निघाला. म्हणजे सिझर केलं की सुटलो असं नाही, आणि मूल झालं नाही म्हणजे होतच नाही असंही नाही. यासाठी मुद्दाम सिझर मागू नका. बाळ मोठं असेल, कळा फार लांबल्या असतील, चिमटा लावावा लागला असेल तर ताण जास्त पडतो. आणि आपल्याकडं सव्वा महिना संपला की बाई लगेच वैरणीच्या भाऱ्याखाली. झोळी अजून भरून आलेली नसते. तुमचं बाळ पाच महिन्यांचं आहे, अजून सुधारायला वाव आहे. पण तीन महिने उलटूनही थेंब जातोय, तेव्हा 'आपोआप जाईल' म्हणून बसू नका.

मग येतं ते वरून दाबणारं. पोटाचा घेर वाढला की त्याचं वजन रात्रंदिवस मूत्राशयावर असतं. वजन थोडं उतरलं तरी फरक पडतो. अमेरिकेत २००९ साली एक अभ्यास आला, त्यात वजन सरासरी ८ टक्क्यांनी घटलेल्या बायकांचे लघवी सुटण्याचे प्रसंग निम्म्याच्या आसपास कमी झाले. ७० किलोच्या बाईला हे साडेपाच किलो. जुना खोकला, मग तो चुलीच्या धुराचा असो की दम्याचा, दिवसातून शंभर धक्के देतो. तंबाखू ओढणाऱ्या बायकांत हा त्रास जास्त दिसतो. बद्धकोष्ठ तर कुणाच्या ध्यानीमनीही नसतं, पण रोज कुंथणं म्हणजे त्या झोळीवर रोज जोर. द्राक्षाच्या बागेत विरळणीला जाणारी एक बाई माझ्याकडं खोकल्याचं औषध मागायला यायची, लघवीचं नावही काढायची नाही. बागेत संडास नाही म्हणून सकाळपासून पाणी पीत नसे. त्यामुळं लघवी गडद, उन्हाळी (लघवीची जळजळ) लागलेली, शौचाला खडा. त्रास कमी व्हायच्या जागी वाढलेला. पाणी तोडणं हा सगळ्यात वाईट उपाय, आणि नेमका तोच सगळ्याजणी करतात. तोडायचंच तर चहा तोडा, दिवसाला सहा कपांवरून दोनवर या. चहा मूत्राशयाला चेतवतो.

सासूबाईंच्या वयात आणखी तीन-चार गोष्टी आहेत. पाळी गेली की इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक घटतं आणि लघवीच्या वाटेचं अस्तर पातळ, कोरडं होतं. साखर वाढलेली असेल तर लघवीचं प्रमाण वाढतं, पुढं नसाही बधिर होतात, म्हणून शुगर तपासाच. बीपीच्या गोळ्यांची पट्टीही डॉक्टरांना दाखवा. काहींत लघवी वाढवणारं औषध असतं, काहींनी कोरडा खोकला लागतो, आणि प्रॅझोसिनसारख्या गोळीनं लघवीचं तोंड ढिलं पडतं. मनानं मात्र बंद करू नका, डॉक्टर बदलून देतात. पक्षाघात, पार्किन्सन, मणक्याचा आजार यांतही ताबा जातो.

गर्भपिशवी काढण्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. आपल्याकडं बाईनं पांढरं जातंय म्हटलं की 'पिशवी काढून टाका' असा सल्ला द्यायला आजूबाजूचे तयारच. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं आणि २०१९ साली सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, ते तुम्ही वाचलं असेल. त्याच बायका दर हंगामात आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या फडात येतात, डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवरून चढतात. पिशवी काढल्यावर लघवी सुटण्याचा धोका वाढतो, आणि अंडाशयही काढलं तर पाळी जाण्याचे सगळे परिणाम एकदम येतात. गाठ, कॅन्सर, न थांबणारा रक्तस्राव असेल तर काढावीच लागते, त्यात वाद नाही. पण दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय नको.

वयाचं म्हणाल तर वय वाढलं की प्रमाण वाढतं हे खरं. पण सासूबाईंच्या बाबतीत वय सोडून एवढं सगळं तपासायचं बाकी आहे.

तुम्ही दोघी मिळून करा असं एक : स्नायूंचा व्यायाम. अमेरिकेतल्या केगल नावाच्या डॉक्टरांनी १९४८ साली तो मांडला. चारचौघांत वारा अडवतो तसं खालचं अंग आत-वर ओढायचं, पोट आणि मांड्या ढिल्या, श्वास चालू. पाच-सहा सेकंद धरायचं, तेवढंच सोडायचं. आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. लघवी करताना मध्येच अडवून हा व्यायाम करू नका. आणि शिंक येतेय वाटलं की आधी आवळा, मग शिंका. माझ्या कांडपाच्या शिंका त्यानंच सुधारल्या, पूर्ण नाही, पण घड्या सुटल्या. नीट जमतंय का ते फिजिओथेरपिस्ट तपासून सांगते. मिरज जवळ आहे, तिथं डॉक्टरांची काय कमी!

लघवीतून रक्त जात असेल, तापासोबत उन्हाळी असेल, अंग बाहेर येत असेल, पायांत किंवा बसण्याच्या जागी एकाएकी बधिरपणा आला असेल, किंवा अवघड बाळंतपणानंतर वा ऑपरेशननंतर रात्रंदिवस थेंब-थेंब गळत असेल, तर व्यायामाची वाट बघू नका, लगेच दाखवा.

जायच्या आधी तीन दिवस एका वहीत लिहून ठेवा : किती वाजता लघवीला गेल्या, काय-किती प्यायल्या, कधी सुटलं, तेव्हा काय करत होत्या. सासूबाईंना लिहायला संकोच वाटला तर तुम्ही लिहा. डॉक्टरांसमोर बोलायला त्या लाजल्या तर वही पुढं करायची.