अकरा वाजले तरी टक्क जागी

तुमची सात महिन्यांची लेक रात्री अकरापर्यंत टक्क जागी असते, मग अंगावर पितापिताच झोपते आणि गादीवर ठेवली की तासाभरात रडत उठते. ‘वळण लावा म्हणतात सगळे, पण सुरुवात कुठून करू?’ असं तुम्ही विचारलंय.

सकाळपासून. रात्री कितीही जागरण झालं तरी तिला रोज ठरलेल्या वेळी, समजा सातला, उठवा आणि पडदे उघडा. या वयाला दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास झोप लागते. शेवटची डुलकी पाचच्या आत संपवा. सहाला डोळा लागला तर रात्रीचे अकरा वाजणारच. ती डुलकी संपल्यावर तीनेक तासांनी ती गादीवर हवी. ‘अजून जरा जागी ठेवा, गाढ झोपेल’ असं सांगणारे रात्री उठायला नसतात. अति दमलेलं बाळ उलट चिडतं, झोपायला वेळ लावतं आणि वारंवार उठतं. अकरावरून त्या वेळेपर्यंत एकदम येऊ नका, झोपायची वेळ दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणा.

आता तासातासाच्या उठण्याचं. बाळाच्या झोपेचा एक फेरा साधारण ५० ते ६० मिनिटांचा. फेरा संपला की ते अर्धवट जागं होतं. झोपताना तोंडात स्तन होता, आता नाही. मग तेच मिळेपर्यंत रडतं. म्हणून दूध आणि झोप यांची फारकत करायची.

दूध सगळ्यात आधी, दिवा चालू ठेवून. मग अंग पुसणं, डायपर, झोपायचे कपडे. दिवे मंद, टीव्ही बंद. रोज तेच गाणं, दोनदा. सगळं अर्ध्या-पाऊण तासात, क्रम न बदलता. पापण्या जडावल्या, नजर एका जागी थिजली, पण डोळे उघडे आहेत, अशा वेळी तिला खाली ठेवा. छातीवर हात ठेवून थांबा. कुरकुरली तर मिनिटभर वाट पाहा, मग थोपटा. रडणं चढलं तर खुशाल उचला. शांत झाली की झोप लागायच्या आत परत ठेवा. खाली ठेवायचं काम बाबांनी केलं तर बरं, त्यांच्या अंगाला दुधाचा वास नसतो.

पहिल्या काही रात्री रडणं वाढेल. बहुतेक घरांत तिसऱ्या रात्री कुणीतरी कंटाळून पाजत झोपवतं आणि गाडी मूळपदावर येते. या वयात रात्री एक-दोनदा भूक लागू शकते. तेव्हा जरूर पाजा, पण अंधारात, न बोलता.

झोपवायचं पाठीवर, सपाट टणक गादीवर. उशी, सैल पांघरूण, खेळणी काही नको. झोपेचं औषध मनाने देऊ नका. ती घोरत असेल, श्वास अडखळत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ताप असेल तेव्हा हे सगळं बाजूला ठेवा, आणि बरी झाली की त्याच क्रमाने पुन्हा सुरू करा.