लाल मातीच्या भांड्यांसाठी कमी तापमानाचं भरवशाचं पारदर्शक ग्लेझ कोणतं?

तुमचा प्रश्न असा आहे: घरच्या इलेक्ट्रिक भट्टीत लाल मातीचे वाडगे १००० अंशांच्या आसपास भाजता, पांढऱ्या आणि रंगीत स्लिपने (मातीच्या पातळ घोळाने) नक्षी काढता आणि वरून पारदर्शक ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काच होणारा थर, देता. ते कधी दुधाळ होतं. कधी भट्टीतून अगदी काचेसारखं निघतं आणि महिन्याभराने त्यात बारीक तड्यांची जाळी उमटते. बाटलीतलं परदेशी ग्लेझ घेऊनही तेच झालं. म्हणून तुम्हाला भरवशाचं एखादं नाव हवं आहे.

आधी नाव सांगते, कारण सुरुवात कुठून तरी करावीच लागते. फेरो या नावाने मिळणारं ३१९५ नंबरचं फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच) ८५ भाग आणि चायना क्ले १५ भाग. बस, दोनच वस्तू. या फ्रिटमध्ये कॅल्शियम, सोडियम, बोरॉन, ॲल्युमिना आणि सिलिका अशा प्रमाणात आहेत की ते एकटंच जवळजवळ पूर्ण ग्लेझ आहे. चायना क्ले घालायची ती ग्लेझ पाण्यात तरंगत राहावं आणि भांड्यावर धरून बसावं म्हणून. कोन ०६ ते ०४, म्हणजे साधारण १००० ते १०६० अंशांत ते व्यवस्थित वितळतं (कोन म्हणजे भट्टीत ठेवायचा, ठरावीक उष्णता मिळाली की वाकणारा छोटा सुळका). शिसं नाही, जस्त नाही. दुकानात ३१९५ नसेल तर पुष्कळदा ३१३४ पुढे करतात, पण ते त्याच्या जागी वापरू नका. ३१३४ मध्ये ॲल्युमिना जवळपास नाहीच, त्यामुळे ते ओघळतं आणि नुसतं वापरलं तर ढगाळ होण्याकडे त्याचा कल असतो. ते इतर गोष्टींबरोबर मिसळण्यासाठी चांगलं आहे, पण त्याची पाककृती वेगळी असते.

एवढं करूनही तुमच्या वाडग्यांवर तडे येऊ शकतात. याचं कारण नीट समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी नवीन बाटली विकत घ्यावी लागणार नाही.

भट्टी थंड होताना माती आकसते आणि तिच्यावरचं ग्लेझही आकसतं. ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं तर अंगाला तोकडा पडलेला सदरा शिवणीत उसवतो तसं ते ताणाखाली येऊन फाटतं. हेच क्रेझिंग. उलट झालं, म्हणजे ग्लेझ फारच कमी आकसलं, तर मातीच त्याला दाबून धरते. थोडा दाब चांगला असतो, त्याने भांडं मजबूत होतं. पण दाब फार झाला की कडांवरून, कानाच्या सांध्यावरून ग्लेझचे टवके उडतात. तड्यांपेक्षा मला टवक्यांची जास्त भीती वाटते, कारण तो काचेचा तुकडा खाणाऱ्याच्या तोंडात जाऊ शकतो.

म्हणजे ग्लेझ भरवशाचं आहे की नाही हे निम्मं मातीवर ठरतं. तुमच्या परदेशी बाटलीचं बहुधा इथेच बिनसलं. अमेरिकेत कमी तापमानाची पांढरी माती बरेचदा टाल्क (शंखजिरं) आणि बॉल क्ले ही चिकट माती मिसळून बनवतात. टाल्क असलेली अशी माती थंड होताना पुष्कळ आकसते आणि तिच्यासाठी बनवलेलं ग्लेझही पुष्कळ आकसणारं असतं. त्या जोडीत ते निर्दोष दिसतं. तेच ग्लेझ आपल्याकडच्या टाल्क नसलेल्या लाल मातीवर दिलं की फाटतं. यात बाटलीचा दोष नाही आणि तुमच्या मातीचाही नाही.

आता उपाय. तडे येत असतील तर ग्लेझचं आकसणं कमी करायचं. सोडियम आणि पोटॅशियम ते वाढवतात. सिलिका, बोरॉन आणि मॅग्नेशियम ते कमी ठेवतात. आपल्याकडे सगळ्यात स्वस्त आणि सहज मिळणारा मार्ग म्हणजे क्वार्ट्झ पावडर, ३०० मेशची. १०० भाग ग्लेझमध्ये ५ भाग क्वार्ट्झ घालून एक चाचणी करा, १० घालून दुसरी. १० च्या पुढे गेलात तर कोन ०६ ला ग्लेझ पुरतं वितळत नाही, पृष्ठभाग मेणचट राहतो, मग तापमान कोन ०४ पर्यंत न्यावं लागतं. दुसरा मार्ग जास्त नेमका आहे आणि मला तोच आवडतो: ८५ भाग ३१९५ मधले १०, २० किंवा ३० भाग काढून त्याजागी ३२४९ नंबरचं फ्रिट घालायचं. त्यात मॅग्नेशियम आणि बोरॉन भरपूर असल्याने ते फार कमी आकसतं. टवके उडत असतील तर उलट दिशेने जा, थोडं ३११० घाला, त्यात सोडियम जास्त आहे. अशी तीन-चार मिश्रणं करून प्रत्येकाची फरशी एकाच भट्टीत भाजली की तुमच्या मातीला कुठे जुळतं ते स्वच्छ दिसतं. चाचणीची फरशी इंग्रजी एल अक्षरासारखी उभी करा, म्हणजे ग्लेझ ओघळतं का तेही कळेल. आणि ती तुमच्याच मातीची हवी, त्याच पोत्यातली. कुंभाराकडून माती घेत असाल तर दर खेपेला एक फरशी भाजून बघा, कारण खाणीची जागा बदलली की मातीही बदलते.

महिन्याभराने तडे का येतात, हे वेगळं सांगायला हवं. १००० अंशांवर भाजलेली लाल माती सच्छिद्रच राहते. ती हवेतला, धुण्यातला ओलावा हळूहळू शोषते आणि अगदी किंचित फुगते. भट्टीतून निघताना ग्लेझवर जो थोडासा दाब होता तो या फुगण्यात संपतो, पुढे ताण सुरू होतो आणि एके दिवशी जाळी दिसते. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्याची हवा हे काम आणखी लवकर करते. म्हणून भट्टी उघडली त्या दिवशीच्या भांड्यावर निकाल देऊ नये.

महिना थांबायचं नसेल तर घरातला प्रेशर कुकर वापरा. एखादा जुना कुकर यासाठी वेगळाच ठेवा. चाचणीची फरशी जाळीवर ठेवून खाली पाणी घाला आणि मंद आचेवर तासभर वाफ द्या. कुकर आपोआप थंड होऊ द्या आणि हे काही वेळा करा. मध्ये झाकण उघडून पाणी बघत जा, कुकर कोरडा पडता कामा नये. दाबाखालची वाफ ओलाव्याचं काम झटपट उरकते. मग फरशीवर शाई चोळून ओल्या फडक्याने पुसा. तडे असतील तर शाई त्यांत राहते आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारी जाळीही उठून दिसते. दुसरी सोपी परीक्षा म्हणजे उकळतं पाणी आणि बर्फाचं पाणी: तीन मिनिटं यात, तीन मिनिटं त्यात, असं तीनदा. दोन्ही परीक्षांत टिकलेल्या ग्लेझवर मी भांडी करायला घेते, त्याआधी नाही.

मातीच्या बाजूनेही एक मोठी मदत होते. बरेच जण बिस्क, म्हणजे ग्लेझ देण्याआधीची पहिली भाजणी, कमी तापमानाला करतात आणि ग्लेझ जास्त तापमानाला. जास्त तापमानाच्या स्टोनवेअरला ते ठीक आहे. लाल मातीला मी उलट करायला सांगेन: बिस्क कोन ०४ ला, म्हणजे १०६० च्या आसपास, आणि ग्लेझची भट्टी कोन ०६ किंवा ०५ ला. मातीतला कार्बन आणि वायू बिस्कमध्येच निघून जातात, म्हणून ग्लेझमध्ये बुडबुडे आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं कमी पडतात. माती जास्त घट्ट होते, ओलावा कमी शोषते. बिस्कमध्ये ७०० ते ९५० अंशांचा टप्पा सावकाश घ्या, वायू बाहेर पडायला वेळ मिळू द्या. फक्त आधी तुमची माती १०६० सोसते का ते पाहा. एक पातळ पट्टी दोन विटांच्या तुकड्यांवर आडवी ठेवून भाजा. ती मध्ये वाकली किंवा फुगली तर तापमान उतरवा. मातीत चुनखडीचे खडे असतील तर चाळून घ्या, नाहीतर भाजल्यावर काही दिवसांनी ते ओलावा शोषून फुगतात आणि वरचं ग्लेझ घेऊन उडतात.

भट्टीच्या आकड्यावर पूर्ण विसंबू नका. थर्मोकपल जिथे बसवला आहे तिथलं त्या क्षणाचं तापमान तो दाखवतो. ग्लेझ किती वितळणार हे तापमान आणि वेळ दोन्हींवर अवलंबून असतं, आणि ते सांगायला कोन असतो. वरच्या आणि खालच्या फळीवर एकेक कोन ठेवलात तर भट्टीच्या दोन टोकांत किती फरक आहे तेही समजेल.

दुधाळपणाचं बहुतेक वेळा एकच कारण असतं: जाड थर. पारदर्शक ग्लेझ रंगीत ग्लेझपेक्षा पातळ द्यावं लागतं. सुकल्यावर थर अर्ध्या मिलिमीटरहून कमीच असावा. हे डोळ्यांनी ठरवण्यापेक्षा मोजा: १०० मिलिलिटर ग्लेझचं वजन १४० ते १४५ ग्रॅम भरलं पाहिजे. ८० मेशच्या चाळणीतून गाळा, बिस्कवरची धूळ ओल्या स्पंजने पुसा, चांगलं वाळू द्या आणि भांडं एक-दोन सेकंदच बुडवा. पहिल्या चाचणी फरशीवर एक, दोन आणि तीन थरांचे पट्टे द्या. दुधाळपणा कुठल्या जाडीला सुरू होतो ते त्यातून लगेच कळतं. एवढं करूनही ढगाळ राहिलं तर आत अडकलेले सूक्ष्म बुडबुडे कारण असू शकतात. मग भट्टी कमाल तापमानाला नेऊन तिथे दहा-पंधरा मिनिटं थांबवा, ५० अंश खाली आणा आणि पुन्हा अर्धा तास थांबवा. फुटलेल्या बुडबुड्यांच्या जागा तेवढ्या वेळात भरून येतात. त्यानंतर घाई नको. शंभर अंशांच्या खाली आल्याशिवाय झाकण उघडू नका.

स्लिपच्या रंगांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पारदर्शक ग्लेझ निवडताना ते महत्त्वाचं आहे. ग्लेझमध्ये जस्त असेल तर क्रोमचा हिरवा रंग तपकिरी होतो. मोरबीच्या टाइल उद्योगासाठी बनणारी पारदर्शक फ्रिट आपल्याकडे स्वस्तात मिळतात आणि ती वापरायला माझा विरोध नाही, पण त्यांत बरेचदा जस्त असतं आणि ती तासाभरात भाजून निघणाऱ्या टाइलसाठी घडवलेली असतात. घेण्याआधी विक्रेत्याकडे तीन गोष्टी मागा: शिसं नसल्याची लेखी खात्री, वितळण्याचं तापमान आणि प्रसरणांक, म्हणजे ते तापल्यावर किती फुगतं आणि थंड होताना किती आकसतं त्याचा आकडा. हे सांगता न येणाऱ्याकडून खाण्याच्या भांड्यांसाठी माल घेऊ नये असं मला ठाम वाटतं. ३२४९ जास्त घातलंत तर क्रोम-टिनचा गुलाबी फिका पडू शकतो, तेही तपासा.

लाल मातीवर स्लिपची नक्षी आणि वर पारदर्शक ग्लेझ हे काम आपल्याकडे फार सुंदर झालेलं आहे. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली १८७० च्या दशकात भांडी बनू लागली, त्यांवर अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेली नक्षीही असे. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्या परंपरेतली भांडी बघायला मिळतात. जमलं तर जरूर जा. ग्लेझखाली लाल माती किती गडद होते आणि त्यावर कुठले रंग उठतात हे शंभर फोटो पाहून कळत नाही.

काही जण टाकणखार किंवा बाटल्यांच्या काचेची भुकटी वापरायला सांगतील. टाकणखार वितळवतो छान, पण तो पाण्यात विरघळतो. बिस्कच्या आत शिरतो, वाळताना कडांवर जमा होतो, बादलीत खडे धरतो, आणि प्रत्येक भांडं वेगळं निघतं. टाकणखारातलं बोरॉन सिलिकाबरोबर आधीच वितळवून, पाण्यात ओतून, दळून ठेवायचं म्हणजेच फ्रिट, आणि ते याच अडचणीवर शोधलेलं आहे. बाटलीच्या काचेत सोडियम खूप असल्याने ती लाल मातीवर हमखास फाटते. शोभेच्या वस्तूवर ती जाळी हवी असेल तर वापरा, वाडग्यात नको.

राहिला प्रश्न जेवणाचा. ग्लेझ निर्दोष बसलं तरी खालची माती सच्छिद्रच आहे. तळ उघडा ठेवलात तर तिथून पाणी शिरतं आणि टेबलावर ओल उमटते, म्हणून तळालाही ग्लेझ देऊन भांडं स्टिल्टवर, म्हणजे टोकदार आधारावर, भाजा. टोकांच्या खुणा राहतील त्या नंतर घासून काढा. मायक्रोवेव्हमध्ये अशी भांडी नकोत, ओलावा धरलेली माती तापते. भात, आमटी, दही, फळं यांसाठी काही अडचण नाही. लोणचं, कोकम किंवा चिंचेचा कोळ साठवायचा असेल तर जास्त तापमानाला भाजलेली चिनी मातीची बरणीच घ्या. तुमच्या वाडग्यात व्हिनेगर चोवीस तास भरून ठेवा. चकाकी गेली किंवा स्लिपचा रंग बदलला तर ते ग्लेझ जेवणासाठी बाद. पण शिसं डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे भांडी विकायला काढणार असाल तर एक वाडगा प्रयोगशाळेत पाठवून शिसं आणि कॅडमियमची तपासणी करून घ्या. तिथेही ४ टक्के ॲसेटिक ॲसिड चोवीस तास ठेवूनच पाहतात, फक्त त्यात काय उतरलं ते नेमकं मोजतात. फ्रिटची नवी गोणी वेगळ्या विक्रेत्याकडून आणली की ही तपासणी पुन्हा करा.