बास वाजला की हेडलाइट डोळा मारतात

प्रश्न: काका नमस्कार. माझी 2014 ची स्विफ्ट डिझेल आहे, सांगलीला असतो, वय 23. दिवाळीत डिकीत 12 इंची सबवूफर (बासचा मोठा स्पीकर) आणि त्याला मोनो, म्हणजे एका चॅनलचा ॲम्प टाकला, दारातल्या स्पीकरना वेगळा फोर चॅनल ॲम्प आहे. मोनोच्या खोक्यावर 3000 वॅट लिहिलंय. रात्री सिग्नलला उभा असलो आणि बास पडला की हेडलाइट डिम होतात, मीटरचा लाइटपण. ज्यांनी बसवलं त्यांनी आधी 1 फॅरडचा कपॅसिटर (करंट साठवून ठोक्याला देणारा डबा) लावला, काडीचा फरक नाही. आता म्हणतात 150 अँपिअरचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून करंट बनवणारा डायनमो) टाक, 28 हजार होतील. टाकू का? आणि मित्र म्हणतो मोठ्या अल्टरनेटरने ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) जळतो, ते खरंय का? दोन्ही ॲम्पचे फोटो पाठवतोय.

उत्तर: वय लिहिलंयस म्हणून तूच म्हणतो. ते 28 हजार आत्ता खिशातच राहू देत, आधी मल्टीमीटर लावायचा मग पाकीट काढायचं.

पहिलं त्या 3000 वॅटचं बघू. तुझ्या फोटोत मोनो ॲम्पला 30 चे दोन फ्यूज दिसतायत, म्हणजे झाले 60 अँपिअर. 60 गुणिले 13.8 व्होल्ट, आत गेले 828 वॅट, क्लास डी ॲम्प (करंट कमी वाया घालवणारा प्रकार) म्हणून त्यातले 80 टक्के धरले तरी स्पीकरला साडेसहाशेच पोचतात, बाकीचे तापण्यात जातात. 3000 कुठून आले ते खोकं छापणाऱ्यालाच ठाऊक. फोर चॅनलला 30 चा एक फ्यूज आहे, म्हणजे दोन्ही फुल ताणले तर 90 अँपिअर. पण गाणं म्हणजे सलग वाजणारा भोंगा नाही, ठोका पडतो मग गॅप असतो, त्यामुळे सरासरी तिसरा हिस्सा धरायचा, 30. गाडीचं स्वतःचं खाणं, म्हणजे रात्री एसी, ब्लोअर, हेडलाइट, रेडिएटर फॅन सगळं चालू असताना, 40-45. बेरीज 75 च्या आसपास आली.

आता तुझा अल्टरनेटर केवढा आहे ते त्याच्या अंगावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, या साइजच्या गाड्यांना बहुतेक वेळा 70 ते 90 मधला असतो. म्हणजे कागदावर तुझं भागायला पाहिजे ना? इथेच मेख आहे, तो आकडा इंजिन चांगलं फिरत असतानाचा असतो. गाडी उभी आणि इंजिन 800 आरपीएमवर आयडल करत असेल तर अल्टरनेटर पुली लहान असल्यामुळे फिरतो दोन-अडीच हजारांवर, आणि तिथे तो छापील आकड्याच्या निम्म्याच्या आसपासच देतो. उरलेलं बॅटरी भरून काढते, आणि बॅटरीवर आलं की व्होल्टेज 14 वरून साडेबारावर घसरतं आणि हेडलाइट डोळा मारतात. तू लिहिलंयस सिग्नलला उभा असलो की, मिरज रोडला पळवताना होतं असं लिहिलेलं नाहीस, तेव्हा मला तरी हेच वाटतंय. म्हणून उद्या घ्यायची वेळ आलीच तर 150 चा आहे का हे विचारू नकोस, आयडलला किती देतो ते विचार. काही मोठे अल्टरनेटर वर भरपूर देतात आणि आयडलला मूळच्यापेक्षाही कमी, मग सिग्नलला परत तेच.

पण त्याच्याही आधी वायरिंग. माझ्याकडे गेल्या वर्षी एक हॅचबॅक आली होती, सेम तक्रार, मालक नवीन अल्टरनेटर पिशवीत घेऊनच आलेला. मी मीटर लावला, काळी पिन बॅटरीच्या मायनसला आणि लाल अल्टरनेटरच्या बॉडीला, गाणं चालू, एसी चालू. तिथे शून्याच्या जवळ पाहिजे, 0.2 व्होल्टपर्यंत चालवून घेतो, तर दर ठोक्याला 0.9 दाखवतोय! गिअरबॉक्सवरून बॉडीला येणारी अर्थची पट्टी हिरवी पडलेली, अर्ध्या तारा तुटलेल्या, आणि बॉडीला जिथे बोल्ट होता तिथे खाली रंग तसाच. मागे बोटाएवढी जाड वायर डिकीत नेलेली आणि पुढे सगळा करंट परत येतोय त्या कुजक्या पट्टीतून. रंग घासला, नवीन अर्थ टाकली, पिशवीतला अल्टरनेटर पिशवीतच घरी गेला.

तर तू हेच कर. अर्थ बघितलीस की दुसरी टेस्ट, अल्टरनेटरच्या मागच्या जाड बी प्लस बोल्टपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत, तिथेही 0.3 च्या वर जात असेल तर वायर बारीक आहे. मग तीन वायरी जाड करायच्या: अल्टरनेटर ते बॅटरी प्लस, बॅटरी मायनस ते बॉडी, इंजिन ते बॉडी. जुन्या वायरी काढू नकोस, सोबत टाक. 4 गेज पुरे, दुकानदाराला गेज कळलं नाही तर 25 स्क्वेअर एमएम माग. आणि टोक सोलून ब्लेडने खरवडून बघ, आत पांढरं निघालं तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, ती घेऊ नको. ॲम्पच्या वायरीला बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज आहे ना? अल्टरनेटरच्या नव्या वायरीलाही फ्यूज पाहिजे. नसेल तर आजच बसव, गाणं नंतर. आणि टेस्ट झाल्यावर वायरींना हात लावायच्या आधी बॅटरीचं मायनस काढ, कारण बी प्लसला कायम करंट असतो आणि पाना बॉडीला टेकला की वेल्डिंग होतं, माझ्या एका पान्यावर अजून खूण आहे.

कपॅसिटरचं काय झालं तेही सांगतो. 1 फॅरडमधून 13.8 ते 12.5 व्होल्टपर्यंत जेवढं निघतं ते साधारण 17 ज्यूल. तुझे दोन्ही ॲम्प ठोक्याला हजार वॅटच्या वर ओढतात, म्हणजे ते 17 ज्यूल सेकंदाच्या साठाव्या भागात संपले. बासचा ठोका त्याच्या कितीतरी पट लांब असतो. निळे आकडे दाखवतो तेवढंच, शोभेला राहू दे.

ईसीएम जळायचं म्हणशील तर नाही जळत. अल्टरनेटर करंट ढकलत नाही, मागेल तेवढाच देतो, व्होल्टेज त्याचा कटआउट, म्हणजे रेग्युलेटर, 14 च्या आसपास बांधून ठेवतो. घरच्या मीटरला मोठं कनेक्शन घेतलं म्हणून झिरोचा बल्ब फुटतो का, तसंच. जळतं ते कटआउट खराब झाल्यावर, 15-16 व्होल्ट जायला लागले की, आणि ते लहान अल्टरनेटरनेपण होतं.

एवढं करूनही आयडलला व्होल्टेज 13 च्या खाली बसत असेल तर मग खुशाल टाक, पण माउंटिंग आणि पुली जुळणारा, आणि बेल्ट नवीन. 100 अँपिअर काढताना अल्टरनेटर इंजिनची तीनेक हॉर्सपॉवर खातो, झिजलेला बेल्ट किंचाळणारच. आणि कोणी म्हणालं तुझाच डायनमो जाड तारेने बांधून देतो, तर आतली डायोड प्लेट (एसी करंटचा डीसी करते ती) पण मोठी टाकणार का ते विचार, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात प्लेट बसते.

प्रश्न: आमच्याकडे 2016 ची सियाझ डिझेल एसएचव्हीएस (मारुतीची छोटी हायब्रिड सिस्टीम) आहे, तिला असा मोठा अल्टरनेटर बसेल का? (वाचक, चिपळूण)

उत्तर: त्या नादाला लागू नका. तिच्यात साधा अल्टरनेटर नाहीच, तोच स्टार्टरचं काम करतो आणि कधी चार्ज करायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. तुम्ही क्लास डी चा छोटा ॲम्प घ्या, ॲम्पची अर्थ बॉडीला द्या, थेट बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर नको, तिथे सेन्सर असतो आणि त्याला चकवून करंट गेला की चार्जिंगचा हिशोब चुकतो.