ज्वानेंगचा पगार आणि गॅबरोनीतलं घर

प्रश्न: मी 41 वर्षांचा असून 2017 पासून बोट्स्वानात आहे. ज्वानेंगच्या हिरे खाणीत यंत्रदुरुस्ती करणाऱ्या कंत्राटदार कंपनीत नोकरी करतो. करार जून 2027 ला संपतो, पुढे वाढेल असं वरिष्ठ म्हणतात. बँकेत 7 लाख पुला (बोट्स्वानाचं चलन) शिल्लक आहेत आणि महिन्याचा खर्च 18 हजार पुला आहे. राजधानी गॅबरोनीत 14 लाख पुलांचं घर मिळतंय. 5 लाख स्वतःचे आणि 9 लाख कर्ज, 9 टक्क्यांनी 15 वर्षांसाठी. भाडं 8 हजार येईल. पिंपरीच्या फ्लॅटचं 18 लाख रुपये कर्ज बाकी आहे. घर घ्यावं का? शिवाय मुलीसाठी थोडे हिरे घेऊन ठेवावेत का?

उत्तर: घर घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. घर वाईट नाही, पण ते घेतलं तर तुमचा सगळा भार एकाच खुंटीवर येतो.

बोट्स्वानाच्या निर्यातीत हिऱ्यांचा वाटा सुमारे 80 टक्के आणि सरकारी महसुलात साधारण एक तृतीयांश आहे. तुमचा पगार हिऱ्यांतून येतो आणि बँकेतल्या पुलाची ताकदही हिऱ्यांच्या परकीय चलनावरच आहे. गॅबरोनी हे काही खाणीचं गाव नव्हे, हे मान्य. पण तिथले भाडेकरू बहुतांशी सरकारी नोकर, सरकारी कामांचे कंत्राटदार किंवा त्यांच्यावर चालणाऱ्या धंद्यातले लोक. महसूल आटला की त्यांचीही कामं आणि बिलं अडकतात. म्हणजे तुमची नोकरी जाणं, पुला घसरणं आणि भाडेकरू घर सोडून जाणं, हे तिन्ही एकाच वर्षात घडू शकतं.

ही नुसती शंका नाही. डेबस्वाना ही बोट्स्वाना सरकार आणि डी बिअर्स ही हिऱ्यांची बडी कंपनी यांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीतली खाणकंपनी. तिचं उत्पादन 2023 मध्ये 2.47 कोटी कॅरेट होतं, ते 2024 मध्ये 1.79 कोटींवर आणलं गेलं. प्रयोगशाळेत बनवलेल्या हिऱ्यांनी भाव पाडले, चीनची मागणी मंदावली आणि न विकलेला माल साठत गेला. या दोघांच्या फेब्रुवारी 2025 च्या करारात खाणपट्ट्यांची मुदत 2054 पर्यंत वाढली, ते वाचून अनेकांना धीर आला. पण पट्टा म्हणजे खणण्याचा हक्क, खणण्याची हमी नव्हे. उत्पादन कमी करायचं ठरलं की पहिली कात्री कंत्राटदाराच्या माणसांना लागते, मग कायम कामगारांना. वरिष्ठांच्या शब्दावर 15 वर्षांचं कर्ज उचलू नका.

बोट्स्वानातल्याच सेलेबी-फिक्वे गावाचं तांबे-निकेल आठवा. सरकारी मालकीची बीसीएल खाण ऑक्टोबर 2016 मध्ये बंद झाली आणि 5 हजारांवर लोकांची नोकरी गेली. धातूही वेगळा आणि गावही वेगळं, पण अख्खं गाव एका खाणीवर उभं असलं की काय होतं ते तिथे दिसलं. लोकांच्या हातात घरं होती, पण ती घ्यायला गिऱ्हाईक नव्हतं.

आता तुमच्याच आकड्यांकडे बघू. 9 लाखांवर 9 टक्क्यांनी हप्ता सुमारे 9,130 पुला बसतो, म्हणजे वर्षाला 1 लाख 9 हजार 500. भाडं 11 महिन्यांचं धरा, कारण भाडेकरू बदलताना एक महिना रिकामा जातोच. ते झालं 88 हजार. दलालाचे 10 टक्के आणि विमा, पालिका कर, दुरुस्तीचे 10 हजार वजा केले की हातात 69 हजार राहतात. दरवर्षी 40 हजार पुला खिशातून जाणार, तेही नोकरी असताना. परदेशी नागरिकाला लागू होणारं हस्तांतरण शुल्क यात धरलेलंच नाही. ते वकिलाकडून लेखी घ्या, तोंडी आकड्यावर जाऊ नका.

मग शिल्लक कशी वाटावी? दीड लाख पुला तिथेच ठेवा, म्हणजे आठ-एक महिन्यांचा खर्च सुटतो. करारी नोकरीत सहा महिने अपुरे पडतात, कारण काम सुटल्यावर परवाना, शाळा आणि सामान हलवणं एकदमच अंगावर येतं. उरलेले साडेपाच लाख भारतात पाठवा. 1999 पासून बोट्स्वानात परकीय चलनावर निर्बंध नाहीत, फक्त बँक पगाराच्या पावत्या मागेल.

थांबून दर सुधारेल अशी आशा धरू नका. पुला ही दक्षिण आफ्रिकेचा रँड आणि एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं अनेक चलनांवर आधारलेलं एकक) यांच्या टोपलीला बांधलेली आहे आणि बँक ऑफ बोट्स्वाना ही तिथली मध्यवर्ती बँक ती ठरवून थोडी थोडी उतरवते. जुलै 2025 मध्ये ही उतरण वर्षाला 1.51 टक्क्यांवरून 2.76 टक्के केली गेली. त्याच वेळी खरेदी-विक्रीचा दर मधल्या दरापासून किती वर-खाली जाऊ शकतो ती मर्यादाही अर्ध्या टक्क्यावरून साडेसात टक्के झाली. म्हणून एकाच दिवशी, एकाच तासाला दोन बँकांचा दर विचारा. पुलातून डॉलर आणि डॉलरमधून रुपया अशी दोनदा कापणी होते, तेव्हा शेवटी रुपये किती पडतील एवढंच विचारा. रक्कम तीन महिन्यांत तीन भागांत पाठवा.

त्यातले अडीच लाख पुला पिंपरीच्या कर्जात भरा. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड नसतो. हप्ता तोच ठेवून मुदत कमी करायला लेखी सांगा.

उरलेले तीन लाख पुला डॉलरमधल्या एफसीएनआर ठेवीत (परदेशस्थ भारतीयांची परकीय चलनातली ठेव), दोन ते तीन वर्षांसाठी ठेवा. एनआरई, म्हणजे परदेशस्थ भारतीयांची रुपयांतली ठेव का नाही? कायमचं परत आल्या दिवसापासून एनआरईचं व्याज करपात्र होतं. एफसीएनआर मात्र मुदत संपेपर्यंत चालू राहू शकते आणि 'निवासी पण सामान्यतः निवासी नव्हे' हा प्राप्तिकरातला दर्जा असेपर्यंत तिचं व्याज करमुक्त असतं. तुमच्या सलग परदेशवासामुळे हा दर्जा परतल्यावर साधारण दोन आर्थिक वर्षं मिळावा. दरवर्षी भारतात किती दिवस राहिलात याची नोंद पासपोर्टच्या शिक्क्यांसह जपा, सगळं त्यावर ठरतं. ठेव मात्र एक वर्षाच्या आत मोडू नका, व्याज शून्य मिळतं. भारतातल्या ठेवविम्याची मर्यादा प्रत्येक बँकेत 5 लाख रुपये आहे, म्हणून रक्कम दोन-तीन बँकांत विभागा.

हिऱ्यांचं म्हणाल तर गुंतवणूक म्हणून अजिबात नको. सोन्याला रोजचा एक भाव असतो. हिरा मात्र वजन, रंग, शुद्धता आणि पैलू पाहून एकेक वेगळा तोलला जातो, आणि दुकानदार परत घेताना विकत दिलेला भाव देत नाही. मुलीसाठी हौसेनं एखादी अंगठी प्रमाणपत्र आणि बिलासह जरूर घ्या, पण तो खर्च म्हणून लिहा. आणि खाणीच्या गावात कुणी कच्चा खडा स्वस्तात देऊ केला तर हातही लावू नका. परवान्याशिवाय कच्चा हिरा जवळ बाळगणं हा तिथे फौजदारी गुन्हा आहे.

या आठवड्यात एक काम करा. करारातलं ग्रॅच्युइटीचं आणि मुदतीआधी काम संपवण्याचं कलम वाचा. ग्रॅच्युइटी पूर्ण मुदत भरल्यावरच मिळते की कामाच्या दिवसांच्या प्रमाणात, हे मनुष्यबळ विभागाकडून ईमेलवर लिहून घ्या. पूर्ण मुदतीवरच असेल, तर दीड लाखांऐवजी दोन लाख पुला तिथे ठेवा आणि एफसीएनआरमधली रक्कम तेवढी कमी करा.