‘भाऊ, माझ्या फोनात ॲप काहून येत नाही?’

प्रश्न : भाऊ, नमस्कार. मी समुद्रपूर तालुक्यातली. चार एकर वावर आहे, तीन एकरांत पऱ्हाटी (कापूस) आणि एकात तूर. माझा फोन बटनाचा, पण नेटचा. २०१९ साली पोरीने घेऊन दिला. त्याच्यावर व्हॉट्सॲप चालत होतं. पोरगी पुण्याला असते, ती नातवाचे फोटो पाठवायची. बचत गटाचा ग्रुप होता, कृषी सहायकांचा ग्रुप होता. २०२५ ची संक्रांत झाली आणि काही दिवसांनी व्हॉट्सॲप उघडेनासंच झालं. मला वाटलं, माझ्याच हाताने काही दाबलं गेलं. आता पीक पाहणीही ॲपवर आणि कापसाची नोंदही ॲपवर. दुकानात दाखवला तर तिथला पोरगा म्हणे, “काकू, हा डबा फेका.” पण फोन चांगला आहे भाऊ. तीन-तीन दिवस चार्जिंग पुरते. रात्रीची लाईन असली की ओलिताला मी याच्याच टॉर्चवर जाते. दोनदा पाटात पडला, तरी सुरू आहे. मग ॲप काहून येत नाही? काही युक्ती असेल तर सांगा. नवा फोन घ्यायचा तर कापूस विकल्यावरच जमेल, आणि कापूस विकायलाच ॲप लागते. नातवाचे जुने फोटो गेले काय, तेही सांगा.
— एक शेतकरी भगिनी, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

उत्तर : ताई, आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. तुमच्या हाताने काहीही दाबलं गेलेलं नाही. तुमच्यासारखे फोन ज्यांच्याकडे होते त्या सगळ्यांचंच व्हॉट्सॲप त्या सुमारास बंद झालं. हिंगणघाटला माझ्या दुकानात त्या दिवसांत रोज कोणी ना कोणी असा फोन घेऊन यायचं, आणि प्रत्येकाला वाटायचं की आपणच काही बिघडवलं. एक आजोबा तर घरच्यांच्या बोलण्याला भिऊन गुपचूप आले होते. म्हणून हे पहिल्याच ओळीत लिहितो आहे.

आता ‘काहून’चं उत्तर. फोन कुठल्या कंपनीचा, याला इथे महत्त्व नाही. फोनच्या आत जी सिस्टिम चालते तिला महत्त्व आहे. ॲप हे एकेका सिस्टिमसाठी वेगळं लिहावं लागतं. ट्रॅक्टरचं चाक बैलबंडीला बसत नाही, तसं अँड्रॉइडसाठी लिहिलेलं ॲप तुमच्या फोनात बसत नाही. तुमच्या वर्णनावरून तुमच्या फोनात कायओएस नावाची सिस्टिम आहे. तिच्यामागे मोठी गोष्ट आहे. फायरफॉक्स हा ब्राउझर करणाऱ्या मोझिलाने आधी स्वस्त फोनांसाठी फायरफॉक्स ओएस ही सिस्टिम काढली होती. तिचे फोन थांबवत असल्याचं त्यांनी २०१५ च्या डिसेंबरात जाहीर केलं. पण तिचा कोड, म्हणजे जे लिहून सिस्टिम बनते ते, सगळ्यांसाठी खुला होता. त्याच्यावरच पुढे बटनांच्या फोनांसाठी कायओएस उभी राहिली. २०१७ पासून ती भारतात गावोगाव पोहोचली. २०१८ मध्ये गूगलने तिच्यात २ कोटी २० लाख डॉलर घातले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात बटनांच्या फोनांवर व्हॉट्सॲप आलं. ज्यांना काचेचा फोन परवडत नव्हता त्यांच्यासाठी ती मोठी गोष्ट होती. मी स्वतः शेकडो जणांना व्हॉट्सॲप टाकून दिलं. बोलून पाठवायचं बटन कुठलं ते दाखवलं की म्हाताऱ्या माणसांचे चेहरे काय खुलायचे!

२०२४ च्या जूनमध्ये या फोनांवर व्हॉट्सॲप नव्याने टाकणं बंद झालं. ज्यांच्याकडे आधीपासून होतं त्यांचंही २०२५ च्या सुरुवातीला थांबलं. तुमची संक्रांत तीच.

असं का होतं ते मी फार जवळून पाहिलं आहे. २०१३ साली माझ्याकडे रंगीत चौकोनी टाइल्सचा एक फोन होता, विंडोज फोन सिस्टिमचा. कमी मेमरीतही इतका सुरळीत चालायचा की त्या किमतीत दुसरा तसा दिसत नव्हता. मीच सांगून सात-आठ जणांना तो घ्यायला लावला होता. त्यांत आमच्या शाळेतले एक गुरुजी होते. फोनात काही दोष नव्हता. पण त्यांच्या बँकेचं ॲप त्याच्यावर कधी आलंच नाही. दर चार-सहा महिन्यांनी ते विचारायला यायचे, “आलं काय रे?” आणि दर वेळी मला नाही म्हणावं लागायचं. शेवटी २०१९ सरता सरता त्या सिस्टिमवरचं व्हॉट्सॲपही गेलं. त्याआधी २०१७ मध्ये जुन्या सिम्बियन फोनांवरचं गेलं होतं, ब्लॅकबेरीच्या सिस्टिमवरचंही. सगळीकडे चक्र एकच. वापरणारे कमी म्हणून ॲप करणारे त्या सिस्टिमसाठी लिहीत नाहीत, आणि ॲप नाही म्हणून घेणारे आणखी कमी होतात. तुमच्या फोनात तर पडदा लहान, बोट फिरवून चालत नाही, मेमरी बेताची. म्हणजे ॲप पहिल्यापासून बटनांसाठी म्हणून लिहावं लागतं. दुसऱ्यांदा तेवढाच खर्च करायला कोणी तयार होत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. युक्ती आहे काय? फोनात नाही. ‘मी सॉफ्टवेअर मारून अँड्रॉइड टाकून देतो’ असं कोणी म्हटलं तर फोन त्याच्या हातात देऊ नका. पैसेही जातील आणि चालता फोन बंद पडेल. पण वाट आहे, आणि ती तुमच्या नंबरातून जाते. ताई, ॲप चालायला अँड्रॉइड फोन लागतो. तो फोन तुमचाच असावा असं मात्र नाही. ओटीपी येतो साध्या मेसेजने, आणि साधा मेसेज तुमच्या फोनवर आजही येतो.

आधी पीक पाहणी. सातबाऱ्यावर पिकाची नोंद नसेल तर कापसाची नोंदणीही अडते, म्हणून सुरुवात तिथून. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून आपल्याकडे ही नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवर होते. एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. शेजारच्या वावरवाल्याकडे, भाच्याकडे, कोणाकडेही चालता अँड्रॉइड फोन असेल तर त्याला घेऊन तुमच्या वावरात जा. घरी ओट्यावर बसून होत नाही. फोटो तुमच्याच गटात, म्हणजे सातबाऱ्यावरच्या गट क्रमांकाच्या जमिनीत, उभं राहून काढावा लागतो, कारण फोन जागा तपासतो. पऱ्हाटीचा फोटो वेगळा आणि तुरीचा वेगळा. तूर पऱ्हाटीतच ओळीने टाकली असेल तर मिश्र पीक म्हणून भरा. शेतकऱ्यांनी स्वतः करायची मुदत निघून गेली असेल तरी हातपाय गाळू नका. त्यानंतर राहिलेल्या गटांची नोंद गावासाठी नेमलेले सहायक करतात. तलाठी कार्यालयात जाऊन आपला गट क्रमांक राहिलेल्यांत आहे काय ते विचारा, आणि सहायक वावरात येतील तेव्हा हजर राहा.

मग कापूस. आधारभूत भावाने विकायला २०२५-२६ च्या हंगामापासून ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी लागते. २०२५-२६ चा हमीभाव मध्यम धाग्याला क्विंटलमागे ७७१० रुपये आणि लांब धाग्याला ८११० रुपये होता. गावात गाडी घेऊन येणारा व्यापारी काय भाव सांगतो ते तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे, म्हणून ही खटपट सोडू नका. आधार, सातबारा आणि पिकाची नोंद घेऊन बसा. नोंदणी दुसऱ्याच्या फोनवर करा, पण मोबाइल नंबरच्या रकान्यात तुमचा नंबर टाकायला लावा. ओटीपी तुमच्या फोनवर येईल. तो तुम्ही समोर बसून वाचून दाखवा.

हे मी एवढं जोर देऊन का सांगतो आहे? गेल्या महिन्यात एक शेतकरी दुकानात आले. प्लास्टिकच्या पिशवीत आधार, सातबारा, पासबुक, सगळं घडी करून नीट ठेवलेलं. म्हणाले, नोंद होऊन किती दिवस झाले, मेसेजच नाही, फोन खराब झाला काय पाहा. फोन चांगला होता. पिशवीत एक छापील कागद होता. मी त्याच्यावरचा नंबर पाहिला आणि त्यांना त्यांचा विचारला. शेवटचे चार आकडे जुळेनात. ज्याने भरून दिलं त्याने स्वतःचाच नंबर टाकला होता. त्याच्या मनात पाप नसेलही. दिवसाला तीस-चाळीस जणांचं भरताना ज्याचा त्याचा ओटीपी विचारत बसायला वेळ लागतो, म्हणून बरेच जण असं करतात. पण यांचा सगळा निरोप दुसऱ्याच्या फोनमध्ये पडून होता, आणि पिशवी घट्ट धरून हे माझ्यासमोर उभे. त्या दिवसापासून माझ्या दुकानात कोणाचाही अर्ज भरला की आधी मी त्यांचा फोन वाजवून पाहतो आणि मगच पुढे जातो.

म्हणून फोन बदला, दहा वेळा बदला, पण हा नंबर सोडू नका. बँकेत, आधारला, सातबाऱ्याच्या कामात, सगळीकडे हाच असू द्या. रिचार्ज संपून सिम बंद पडू देऊ नका. फार दिवस बंद राहिलं तर तोच नंबर दुसऱ्या कोणाला दिला जातो.

आता जे मनात आहे ते लिहितो. गाण्याचं, सिनेमाचं ॲप एखाद्या फोनावर आलं नाही तर माणसाचं काही अडत नाही. पण ज्या नोंदीवर वर्षाची कमाई ठरते ती फक्त एकाच प्रकारच्या फोनावर होत असेल, तर करणाऱ्यांनी बटनाच्या फोनवाल्यांसाठी दुसरं दार ठेवायलाच हवं. हे अशक्य नाही. पैशांच्या बाबतीत झालेलं आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या ८ मार्चला यूपीआय १२३ पे सुरू केलं ते साध्या फोनांसाठीच. त्यात फोन लावून, आवाज ऐकत, बटनं दाबून पैसे पाठवता येतात, नेट लागत नाही. पैसे जर बटनं दाबून जाऊ शकतात, तर ‘माझा कापूस अमुक दिवशी आणते’ एवढं सांगायला काय हरकत आहे? ग्रामसभेत हा विषय काढा. तुमच्या बचत गटातल्या अर्ध्या बायांकडे असेच फोन असतील. एकटीने विचारण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून लेखी द्या.

नवा फोन घ्यायचा की नाही? घ्यावा लागेल ताई, आज ना उद्या. तुम्हाला खोटं सांगणार नाही. पण त्यासाठी कापूस घाईने घरातून विकू नका, आणि सावकाराकडे तर जाऊच नका. वरच्या वाटेने हा हंगाम निभतो. चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, हातात आला की मग पाहा. जुना, वापरलेला घेतला तरी चालेल. फक्त अँड्रॉइड १० च्या खालचा नको आणि ४ जीबी रॅमपेक्षा कमी नको. दुकानदाराला सेटिंग उघडायला लावा आणि सिक्युरिटी अपडेटची तारीख तुमच्या डोळ्यांनी वाचा. तीन-चार वर्षं जुनी असेल तर तो फोनही लवकरच तुमच्या आताच्या फोनासारखा अडेल. घासाघीस करताना चमक पाहू नका, ही तारीख पाहा. व्हॉट्सॲप नव्या फोनात याच नंबरने सुरू होईल. पण ते फार दिवस बंद राहिलं आहे, म्हणून ग्रुपमध्ये पुन्हा घ्यायला सांगावं लागेल, आणि जुने मेसेज येणार नाहीत.

आणि तो ‘डबा’ फेकू नका. रात्रीच्या ओलिताला तीन दिवस चार्जिंग टिकणारा, चिखलात पडून उठणारा फोन दुसरा मिळायचा नाही. नवा फोन घरी ठेवा आणि याच्यात दुसरं स्वस्त सिम घालून वावरात न्या. अंधारात पंपाजवळ पाय घसरला तर बोलवायला हाच कामी येईल.

राहिले नातवाचे फोटो. व्हॉट्सॲप बंद झालं म्हणून फोनात उतरवलेले फोटो जात नाहीत. गॅलरी उघडा, खाली खाली जात राहा. जे तुम्ही त्या वेळी उघडून उतरवले होते ते तिथे असतील. नुसते आलेले, पण न उघडलेले मात्र मिळणार नाहीत. ते पोरीकडून पुन्हा मागवा, तिच्या फोनात असतील. गॅलरीतले फोटो कार्डावर उतरवून घ्यायचं काम लांबणीवर टाकू नका, कारण या फोनांची चार्जिंगची पिन आधी जाते, आणि फोन सुरूच झाला नाही तर फोटो काढणं अवघड होऊन बसतं. बॅटरीखाली मेमरी कार्डाची जागा असते. कॉन्टॅक्टच्या सेटिंगमध्ये एक्स्पोर्ट म्हणून आहे. तिथून नंबरही कार्डावर घेता येतात. केबलने संगणकाला जोडलं तर दहा मिनिटांचं काम आहे. गावात जमलं नाही तर हिंगणघाटला कापूस घेऊन याल तेव्हा फोन आणा, आणि एक कोरं मेमरी कार्ड सोबत ठेवा.