जुन्या फ्रेमला डिस्क ब्रेक बसवावेत का?

प्रश्न : मामांनी १९८०च्या दशकात इंग्लंडहून आणलेली रॅलेची गिअरची सायकल आता माझ्याकडे आली आहे. फ्रेम स्टीलची, गंज नाही. चाकं २७ इंची, रिम क्रोम केलेल्या स्टीलच्या. पावसात कुंभार्ली घाट उतरताना ब्रेक दाबून हात भरून येतात, पण सायकल थांबत नाही. डिस्क ब्रेकचा संच ऑनलाइन मिळतोय आणि इथला वेल्डिंगवाला चाक धरणाऱ्या चिमट्याला (फोर्कला) पट्टी जोडून द्यायला तयार आहे. करून घेऊ का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : पट्टी जोडून घेऊ नका. तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे, पण तिचं मूळ ब्रेकच्या प्रकारात नाही, त्या क्रोमच्या रिममध्ये आहे. ओल्या क्रोमवर रबर धरतच नाही. तिथे ब्रेकचा कोणताही रबरी शू लावा, घाटात जीव टांगणीला लागणारच.

आता डिस्क का नको, ते सांगतो. तुम्ही आणि सायकल मिळून ८५ किलो धरू. जोरात ब्रेक लावला की पुढच्या टायरवर जमिनीकडून ४०-४२ किलोचा जोर मागे येतो. रिमचा ब्रेक चाकाच्या कडेलाच पकडतो, म्हणून त्याच्यावर येणारा जोर साधारण तेवढाच असतो, आणि तो चिमट्याच्या माथ्यावरच्या बोल्टला जातो. चिमटा सगळ्यात दणकट असतो तो तिथेच. १६० मिलिमीटरची डिस्क मात्र आसापासून जेमतेम ७३ मिलिमीटरवर पकडते, आणि चाकाची त्रिज्या ३३५ च्या आसपास. म्हणजे कॅलिपरवरचा, डिस्क पकडणाऱ्या भागावरचा, जोर साडेचार पटींहून जास्त, १९० किलोच्या घरात. हा सगळा भार चिमट्याच्या एकट्या डाव्या पायावर पडतो, तोही खालच्या टोकाशी. जुन्या चिमट्याचे पाय तिथेच निमुळते आणि पुढे वाकवलेले असतात. ती बारीक वळणदार नळी खड्ड्यांचे धक्के जिरवण्यासाठी आहे, हा भार पेलण्यासाठी नाही.

त्यात वेल्डिंगची भर. पातळ नळीवर जाड पट्टी जोडली की जोडाच्या कडेला, तापून कमजोर झालेल्या भागात, ताण साचतो. माझ्या बाकावर असा एक चिमटा आला होता. वेल्डिंग अखंड होतं, पण त्याच्या वरच्या कडेपासून नळीला अर्ध्या घेराची चीर गेली होती. रंगाखाली ती दिसतही नव्हती. सँडपेपर मारल्यावर कळली. मालक रोज त्याच सायकलवर मुलीला शाळेत सोडत होता. मागच्या चिमट्याच्या भानगडीत तर पडूच नका. तुमच्या काळातल्या फ्रेमला मागे बहुधा १२६ मिलिमीटर जागा असते, डिस्कचे साधे हब (चाकाचा मधला भाग) १३५ चे. स्टील ताणून रुंद करता येतं, पण नऊ मिलिमीटर ताणून ड्रॉपआउट (आस बसतो त्या खाचा) पुन्हा समांतर आणायचे आणि शिवाय सीटस्टेला (सीटखालून मागच्या चाकाकडे येणाऱ्या नळीला) आधाराची नळी जोडायची, एवढं करून हाती काय? जोरात थांबताना वजन पुढे जातं, मागचा ब्रेक तेव्हा फारसं काम करतच नाही.

तुम्ही असं करा. दोन्ही चाकं ॲल्युमिनियमच्या ७०० सी रिमवर बांधून घ्या. ही रिम तुमच्या २७ इंचीपेक्षा त्रिज्येत ४ मिलिमीटर लहान, म्हणून शू तेवढेच खाली यायला हवेत. नवी रिम बसवून ब्रेकच्या बोल्टपासून रिमच्या मध्यापर्यंत मोजा. मापात बसत असेल तर ५५ ते ७३ मिलिमीटर पोहोचणारा लांब हातांचा ड्युअल पिव्होट (दोन खिळींवर फिरणारा) रिम ब्रेकचा कॅलिपर घ्या. घेताना बोल्ट बघा : जुन्या चिमट्याला मागून साधा नट लागतो, नव्या कॅलिपरना बहुतेक वेळा आत बसणारा ॲलन नट येतो. नटवाला मिळाला नाही तर माथ्याचं फक्त मागचं भोक ८ मिलिमीटरचं करून घ्यावं लागेल. पुढचं तसंच राहू द्या. शू पावसासाठीचे, तांबूस-गुलाबी रबराचे घ्या. केबल आणि तिची बाहेरची नळी दोन्ही नवी. गंजलेल्या नळीत अर्धा जोर वाया जातो आणि लोक दोष ब्रेकला देतात.

एवढं करूनही डिस्क हवीच असेल तर फक्त पुढे, आणि पुढचा चिमटा संपूर्ण नवा. फ्रेम बनवणाऱ्या कारागिराकडून एक इंची, आट्याच्या दांडीचा, जाड पायांचा करून घ्या. त्याला दोन गोष्टी बजावून सांगा. पहिली, आसापासून माथ्यापर्यंतची उंची जुन्याइतकीच ठेवायची, कारण पुढून २० मिलिमीटर उंचावलं तर हँडलचा कोन साधारण एका अंशाने ढळतो आणि सायकल वळणावर सुस्तावते. दुसरी, ड्रॉपआउटचं तोंड पुढे उघडणारं हवं. पायामागचा कॅलिपर डिस्क पकडतो तेव्हा आस खाली ढकलला जातो. तोंड खाली असेल आणि क्विक रिलीज (चाक झटकन काढायचा खटका) सैल असेल तर चाक निसटू शकतं. जुना चिमटा टाकू नका, तेल लावून जपून ठेवा. त्या फ्रेमचा तो जोडीदार आहे.

प्रश्न : माझी १९९० च्या दशकातली स्टीलची माउंटन बाइक आहे, व्ही-ब्रेकची (लांब हातांनी रिमच पकडणारा ब्रेक). मित्राकडून डिस्कची सोय असलेला सस्पेन्शन चिमटा मिळतोय. चालेल?
— एक वाचक, सांगली

उत्तर : चालेल, कारण तो चिमटा डिस्कचा भार धरूनच बनवलेला आहे. त्याची दांडी तुमच्या हेडसेटच्या (ती ज्या बेअरिंगमध्ये फिरते त्याच्या) मापाची आहे का आणि उंची जुन्याच्या जवळपास आहे का, हे आधी तपासा. मागे व्ही-ब्रेकच ठेवा. केबलवर चालणारा कॅलिपर घेताना माउंटन प्रकारचाच मागा. तुमचे व्ही-ब्रेकचे लिव्हर केबल जास्त ओढतात, रोड प्रकारच्या कॅलिपरशी त्यांचं जमत नाही. चाकाचे आरे एकमेकांना छेद देऊन बांधलेले हवेत, सरळ नकोत. आणि चेनला स्प्रेने तेल मारायची सवय असेल तर ती आजच सोडा. थेंब थेंब घाला, कारण डिस्कवर तेल उडालं की पॅड बहुतेक वेळा बदलावेच लागतात.